सायकलस्वाराचें पाल

सायकलवरून दूरच्या प्रवासास निघालेल्या मनुष्याला पहिला मोठा चढ लागला कीं, आपल्या सामानांतील प्रत्येक वस्तूचें वजन त्याला तराजूवांचून कळूं लागतें. सपाट रस्त्यावर जें ओझें सोबत्यासारखें निमूट चालत होतें, तेंच घाटांत सावकारासारखें मागें लागतें. अशा वेळीं त्याची नजर बहुधा प्रथम तंबूकडे वळते. कपडे लागतात, अन्न लागतें, पाणी तर लागतेंच. परंतु दिवसभर गुंडाळून वाहावयाचा आणि केवळ रात्रीं उघडावयाचा हा दोन-अडीच किलोग्रॅमचा गठ्ठा खरोखर कशासाठीं, असा प्रश्न त्याच्या मनांत येतो. त्यांतून हल्लीं ज्याला बाइकपॅकिंग म्हणतात, त्या प्रकारांत सायकलला मागें कॅरिअर नसतो. सामानाच्या लांबट पिशव्या हँडलला, बैठकीखालीं आणि सांगाड्याच्या त्रिकोणांत घट्ट बांधलेल्या असतात; त्यामुळें अरुंद पायवाटेवर आणि खडकाळ उतारावर सायकल मोकळी चालते. या पिशव्यांत तंबूच्या काठ्या सहसा नीट मावत नाहींत. म्हणून तंबूच्या जागीं एकच हलकें कापड न्यावें आणि तें घरींच शिवावें, अशी कल्पना अनेकांना सुचते. कल्पना चांगली आहे. मात्र तिच्या पोटांत एक अट आहे, आणि ती पुष्कळांना पहिल्या पावसांत कळते.

ही कल्पना तशी नवी नव्हे. टॉमस हायरम होल्डिंग हा लंडनचा एक शिंपी. लहानपणीं, १८५३ सालीं, आईबापांबरोबर गाड्यांच्या तांड्यांतून त्यानें अमेरिकेंतील गवताळ मैदानें ओलांडलीं होतीं. उघड्यावर मुक्काम करण्याची गोडी त्याला तेव्हांपासून लागली असावी. १८९७ सालीं आयर्लंडच्या पश्चिमेस असलेल्या कॉनेमारा या भागांत तो सायकलवर तंबूचें सामान बांधून हिंडला, आणि पुढच्या वर्षीं त्या प्रवासावर त्यानें पुस्तक लिहिलें. कॉनेमारा हा अटलांटिकच्या तोंडावरील अतिशय पावसाळी मुलूख. तेथें उघड्यावर झोपणाराला कापडाची परीक्षा दुसऱ्या कोणाकडून करून घेण्याची गरज राहत नाहीं. १९०१ सालीं त्याच्या पुढाकारानें सायकलवरून मुक्कामी प्रवास करणारांची एक संस्था इंग्लंडमध्यें निघाली, आणि १९०८ सालीं त्यानें या विद्येचें सविस्तर पाठ्यपुस्तकच प्रसिद्ध केलें. तंबू सुताराच्या दृष्टीनें न पाहतां शिंप्याच्या दृष्टीनें पाहणें, हें त्याचें वैशिष्ट्य. सुताराला तंबूंत खांब दिसतात. शिंप्याला त्यांत कापडाचा ताण, विणीची दिशा आणि शिवण दिसते. घरीं पाल शिवूं पाहणाराला आजहि याच दृष्टीची गरज आहे.

होल्डिंगच्या काळीं अत्यंत हलकें कापड म्हणजे रेशीम. त्यानंतर १९३५ सालीं अमेरिकेंत ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेंत वॉलेस करॉदर्स यांच्या हाताखालीं नायलॉन निर्माण झालें, आणि दुसऱ्या महायुद्धांत जपानी रेशीम मिळेनासें झाल्यावर हवाई छत्र्यांचें काम त्यानें पत्करलें. आज पालासाठीं जें कापड वापरतात तें या छत्रीच्या कापडाचें भावंडच होय. त्यांत ठराविक अंतरावर जरा जाड धागे विणून बारीक चौकटी पाडलेल्या असतात. कोठें फाटलें तर तें फाटणें त्या चौकटीशीं अडावें, हा हेतु. कापडाला दोन्ही बाजूंनीं सिलिकोन पाजलेलें असतें, म्हणून पाणी त्याच्यावरून अळवाच्या पानावरून घरंगळावें तसें घरंगळतें. धाग्याची जाडी डेनिअर या मापानें सांगतात: नऊ हजार मीटर धाग्याचें वजन जितके ग्रॅम, तितके डेनिअर. पालासाठीं ३० डेनिअरचें कापड बेताचें ठरतें. सिलिकोनसह त्याचें वजन दर चौरस मीटरला सुमारें ४५ ग्रॅम भरतें. याच्याशेजारीं बाजारांत २०० जी. एस. एम. म्हणून मिळणारी प्लॅस्टिकची ताडपत्री ठेवून पाहावी. तिचा तितकाच तुकडा चौपटीहून अधिक जड असतो.

नायलॉनला एक खोड आहे, ती आरंभींच सांगितलेली बरी. तें थोडें पाणी पितें आणि ओलें झालें कीं लांबतें. संध्याकाळीं नगाऱ्यासारखें ताणलेलें पाल मध्यरात्रीं पावसांत पोट सोडून लोंबूं लागतें, तें यामुळें. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ पीत नाहीं, म्हणून तें इतकें सैल पडत नाहीं. पण त्याच वजनाचें नायलॉन ओढाताणीस अधिक चिवट असतें. ज्याला रात्रीं उठून दोऱ्या ताणण्याचा कंटाळा आहे त्यानें पॉलिएस्टर घ्यावें, हा सरळ हिशेब.

आतां माप. एका माणसाच्या पालाला २·७ मीटर लांबी पुरते. कापडाचीं दोन पाखीं घरच्या छपराप्रमाणें मध्यें आढ्यावर जोडावयाचीं. प्रत्येक पाखें १·२५ मीटर रुंद धरलें तर एकूण कापड पावणेसात चौरस मीटर आणि वजन सुमारें ३०० ग्रॅम होतें. आढें डोक्याकडे ९५ सेंटिमीटर उंच बांधलें तर पाख्याच्या खालच्या कडा कोठवर येतील, हें शाळेंतल्या पायथागोरसास विचारतां येतें: कर्ण १·२५, उंची ०·९५, म्हणून पाया ०·८१. म्हणजे डोक्याकडे जमिनीवर एकंदर रुंदी सुमारें १·६ मीटर मिळते. एक मनुष्य आणि त्याच्या पिशव्या यांना ती सुखानें पुरते. पायांकडे आढें अर्ध्या मीटरवर आणलें तर हेंच पाखें विनाकारण बाहेर पसरतें. म्हणून कित्येक जण त्या टोकाला पाखें ९० सेंटिमीटरवर निमुळतें करतात आणि चाळीसेक ग्रॅम वांचवितात. तथापि निमुळतें पाल एकाच रीतीनें उभें राहतें. चौकोनी पाल मात्र जागा पाहून उंच, बुटकें, एका बाजूनें उघडें, कसेंहि बांधतां येतें. ज्याच्या हातून पहिलेंच पाल होत आहे त्यानें चाळीस ग्रॅमांचा मोह टाळावा.

महाग कापडाला कात्री लावण्यापूर्वीं घरांतील एखादें जुनें सहावारी पातळ मागून घ्यावें. साडेपांच मीटर लांबीचे दोन सारखे तुकडे केले कीं, रुंदीला थोडीं कमी पण जवळजवळ याच मापाचीं दोन पाखीं मिळतात. तीं धांवदोऱ्यानें जोडून गच्चीवर किंवा बागेंत ताणून पाहिलीं, म्हणजे आंत बसतां येतें कीं नाहीं, पाय बाहेर राहतात कीं काय, हें सारें एका संध्याकाळीं उमगतें. कागदावरच्या आकृतींत कोणाचेहि पाय बाहेर राहत नाहींत!

सर्व कामांत विचार करण्यासारखी जागा म्हणजे आढें. दोन टोकांना धरून ताणलेली कोणतीहि वस्तु स्वतःच्या भारानें मध्यें थोडी खालीं येतेच. कापड सरळ कापून शिवलें तर ताण आढ्याच्या रेषेवर एकवटतो आणि पाख्यांच्या मध्यभागीं सुरकुत्या पडून तीं वाऱ्यांत फडफडतात. यावर उपाय असा कीं, जी झोळ कापड पुढें घेणारच, ती आधींच कापून द्यावी. तिचा आकार कोणता? टांगलेल्या सांखळीचा. गॅलिलिओनें या वक्ररेषेची तुलना परवलयाशीं केली होती; ती परवलय नव्हे, तिचें समीकरण निराळें आहे, हें १६९१ सालीं हायगेन्स, लायबनिट्स आणि योहान बर्नुली यांनीं दाखवून दिलें. घरीं पाल शिवणाराला त्या समीकरणाची जरूर नाहीं. भिंतीवर एकाच उंचीवर २·७ मीटर अंतरानें दोन खिळे ठोकावे, बारीक सांखळी त्यांना अशी अडकवावी कीं तिचा मध्य खिळ्यांच्या रेषेपासून साडेसात सेंटिमीटर खालीं येईल, मागें जाड कागदाची पट्टी लावून सांखळीच्या कडेनें पेन्सिल फिरवावी. झाला नमुना. हा कागद दोन्ही पाख्यांच्या आढ्याकडील कडेवर ठेवून, मध्यें साडेसात सेंटिमीटर आणि टोकांशीं शून्य, असें कापड काढून टाकावें. असें पाल ताणलें कीं आढें मध्यें किंचित् दबलेलें दिसतें आणि दोन्ही पाखीं मात्र सुरकुतीवांचून तणावतात. कापतांना आढें ताण्याच्या दिशेनें, म्हणजे थानाच्या लांबीच्या दिशेनेंच ठेवावें. कापड ताण्याला आणि बाण्याला फारसें लांबत नाहीं. तिरकें ओढलें तर मात्र रबरासारखें लांबतें.

सिलिकोनचें कापड शिवणें हा सहनशीलतेचा वर्ग आहे. तें ओल्या साबणासारखें निसटतें. यंत्राचे दांते खालचा पदर पुढें ढकलतात आणि वरचा मागें राहतो, त्यामुळें शिवणीच्या शेवटीं एक पाखें दुसऱ्यापेक्षां दोन बोटें लांब निघतें. म्हणून सुईच्या पुढून आणि मागून कापड दोन्ही हातांनीं ताणून धरावें, आणि मधून मधून आधीं केलेल्या खुणा एकमेकींवर बसतात ना, हें पाहावें. टांचण्या लावूं नयेत. टांचणीचें छिद्र या कापडांत बुजत नाहीं. त्याऐवजीं कपडे वाळत घालण्याचे चिमटे वापरावे. सुई बारीक, ७० किंवा ८० नंबरची, आणि नवी, दोरा पॉलिएस्टरचा. सुती दोरा ओलीनें कुजतो. टांका तीन मिलिमीटरच्या आसपास ठेवावा. टांके बारीक घातले म्हणजे शिवण मजबूत होईल, हा समज येथें उलटतो. फार जवळ पडलेल्या छिद्रांच्या रेषेवर कापड पोस्टाच्या तिकिटासारखें फाटतें.

आढ्याची शिवण साधी ठेवून भागत नाहीं. जाड विजारीच्या पायाला बाजूनें जी दुहेरी टांक्यांची चपटी शिवण असते, ज्यांत दोन्ही कडा एकमेकींत दुमडून आंत लपविलेल्या असतात, ती येथें घालावी. तिच्यांत चार पदर येतात आणि ताण सर्वांवर वांटला जातो. पण याच शिवणींत पालाचें मर्म उघडें पडतें. २·७ मीटर लांबी, तीन मिलिमीटरचा टांका, दोन ओळी: हिशेब केला तर झोपणाराच्या बरोबर डोक्यावर सुईचीं अठराशे छिद्रें होतात. कापड कितीहि जलरोधक असो, पाणी येणार तें येथूनच. रेनकोटाच्या शिवणीवर चिकटवितात तसली पट्टी सिलिकोनला धरत नाहीं. सिलिकोनला सिलिकोनच चिकटतें. स्नानगृहाच्या फटी बुजविण्याचें पारदर्शक सिलिकोन घेऊन तें मिनरल टर्पेंटाइनमध्यें पातळ दह्याइतकें सरसरीत करावें आणि शिवण ताणून धरून तिच्यावर ब्रशानें चोळावें. हें काम उघड्या हवेंत आणि विस्तवापासून दूर करावें, आणि चोवीस तास कापडाला हात लावूं नये. जो मनुष्य हें काम निघण्याच्या आदल्या रात्रीं उरकतो, त्याला सकाळीं पाल स्वतःलाच चिकटलेलें आढळतें.

कडा एक सेंटिमीटर दुहेरी दुमडून शिवल्या कीं राहतात त्या दोऱ्या बांधावयाच्या कड्या: चार कोपऱ्यांवर चार, आढ्याच्या टोकांना दोन, आणि प्रत्येक बाजूच्या मध्यावर एकेक, अशा आठ. सुटणारा वारा शेवटीं याच आठ ठिकाणीं भांडतो. कडीसाठीं अरुंद पण घट्ट विणीची फीत दुमडून घ्यावी. जेथें ती शिवावयाची तेथें आधीं कापडाचा आणखी एक तुकडा अस्तरासारखा लावावा. त्या तुकड्याची आंतली कड सरळ न ठेवतां कमानदार ठेवावी. सरळ कड असली तर सारा ओढा तिच्या शेवटच्या टांक्यावर येतो, कमानदार असली तर तो अनेक धाग्यांवर पसरतो. फितीवर मागें-पुढें, मागें-पुढें असे दाट टांके घालावे. येथें मात्र दाटपणा हवा, कारण येथें चार पदर एकत्र आहेत. सर्व दोऱ्या, आठ मेखा आणि पिशवी धरून एकंदर वजन पांचशे ग्रॅमच्या आंत बसतें.

राहिले खांब. ते घरींच ठेवावयाचे, कारण खांब आपल्याला येथवर घेऊन आलेलाच आहे. सायकल आढ्याला आडवी उभी करावी आणि पुढच्या ब्रेकचा दांडा रबराच्या पट्ट्यानें हँडलशीं आवळून टाकावा, म्हणजे चाक फिरत नाहीं. आढ्याची दोरी बैठकीला एक वेढा देऊन पलीकडे मेखेला ताणून बांधावी. एका अंगानें कापड ओढतें, दुसऱ्या अंगानें दोरी. दोहोंच्या ओढींत सायकल निश्चल उभी राहते. बैठकीची उंची सामान्यतः ९० ते १०० सेंटिमीटर असते, म्हणजे पालाला जी हवी तीच. पायांकडे हातभर लांबीची वाळलेली काठी पुरते. सायकल रात्रीं चोरीस जाण्याची भीतिहि यामुळें नाहींशी होते. चोराला ती नेण्यापूर्वीं घर मोडावें लागेल.

आतां ती अट. तंबू पाऊस अडवितो, वारा अडवितो, जमिनीची ओल अडवितो, किडामुंगी अडवितो. पाल यांतलें पहिलें काम पुरतें करतें आणि दुसरें अर्धेंमुर्धें. उरलेलीं कामें नाहींशीं होत नाहींत. तीं पिशवींतून निघून सायकलस्वाराच्या अकलेवर येऊन बसतात. गांवकुसाबाहेर ज्या भटक्या जमातींना हौसेनें नव्हे, निरुपायानें पालांत दिवस काढावे लागले, त्यांना हें शिकविण्याची गरज नव्हती. शहरांतून निघालेल्याला तें शिकावें लागतें.

पहिली गोष्ट वारा. पालाचें बुटकें टोक वाऱ्याकडे करावें, आणि वारा फिरेल असें वाटलें तर आढें आणखी खालीं आणावें. दुसरी जमीन. खोलगट जागा मऊ आणि आडोशाची दिसते, पण पावसांत तिचें तळें होतें आणि कोरड्या रात्रीं गार हवा उतरून तेथेंच सांचते. खालीं अंथरावयाचें प्लॅस्टिक पालाच्या कडेपेक्षां वीतभर आंत राहिलें पाहिजे. बाहेर आलें तर छपरावरचें पाणी तें अगत्यानें अंथरुणांत आणून सोडतें. तिसरें दंव. निरभ्र रात्रीं उघड्या माळावरचें कापड आकाशाकडे उष्णता सोडून भोंवतालच्या हवेपेक्षांहि थंड होतें आणि श्वासांतली वाफ त्याच्या आंतल्या अंगाला बसते. पाल गळतें अशी तक्रार पुष्कळदां येथूनच निघते. झाडाच्या छायेखालीं हें फार कमी होतें. मात्र वर सुकलेली फांदी नाहीं ना, हें आधीं पाहावें. पालाखालीं स्टोव्ह पेटवूं नये. नायलॉन भडकण्याआधीं वितळतें, आणि वितळलेला थेंब कातडीला चिकटून राहतो.

चौथी गोष्ट किडामुंगीची, आणि ती थट्टेवारी नेण्यासारखी नाहीं. कोंकणांत आणि सह्याद्रीच्या पायथ्याशीं तांबडा विंचू आढळतो. त्याचा दंश हृदयावर परिणाम करतो. महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनीं या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग करून दाखवीपर्यंत त्यानें पुष्कळ जीव घेतले. दंश झाला कीं सकाळची वाट न पाहतां दवाखाना गांठावा. तळ नसलेल्या पालांत झोपणारानें अशा प्रदेशांत दगडांच्या राशीपासून दूर राहावें, बूट झटकून घालावे, आणि तळ शिवलेली मच्छरदाणी बरोबर न्यावी. तिचें वजन दोन-तीनशे ग्रॅम होतें. एवढें धरूनहि तंबूच्या निम्म्याहून कमी भार होतो, तेव्हां येथें ग्रॅम मोजीत बसणें शहाणपणाचें नव्हे.

सह्याद्रींत जून ते सप्टेंबर पालाच्या भरंवशावर माथ्यावर मुक्काम करूं नये, हेंहि स्पष्ट सांगितलें पाहिजे. तेथला पाऊस वरून पडत नाहीं, बाजूनें येतो. आणि उघड्या तोंडाच्या छपराला त्यावर उत्तर नाहीं. भिजलेल्या अंगाची उष्णता पाणी हवेपेक्षां वीस-पंचवीस पट वेगानें ओढून घेतें. थकलेल्या आणि उपाशी माणसाला गारठण्यासाठीं बर्फ लागत नाहीं. ओले कपडे आणि वारा पुरे होतात. अंगाला कांपरें भरून तें एकाएकीं थांबलें, बोलणें अडखळूं लागलें, तर तो आराम पडल्याचा नव्हे, धोक्याचा इशारा समजावा. ओले कपडे काढून माणसाला कोरड्या पांघरुणांत घ्यावें आणि मदत मागवावी.

म्हणून नव्या पालाची पहिली रात्र डोंगरावर नसावी. गच्चीवर मेखांच्या जागीं पाण्यानें भरलेल्या बादल्या ठेवून तें ताणावें आणि घरांतल्या कोणीतरी बागेच्या नळीनें त्यावर अर्धा तास पाणी सोडावें. शिवणारानें स्वतः आंत आडवें पडावें. आढ्याच्या शिवणीवर जेथें थेंब जमेल तेथें बोट ठेवून, पडूनच, बाहेरच्या माणसाला जागा सांगावी. त्यानें ती खडूनें नोंदावी. कापड वाळल्यावर त्या खुणांवर सिलिकोनचा दुसरा हात द्यावा, आणि पुन्हां नळी सोडावी. एकहि थेंब आंत आला नाहीं, तर पाल पुसून, सावलींत पूर्ण वाळवून, सैल गुंडाळून पिशवींत भरावें.